पंचांना चालत न्या: मुंबईतल्या तपास अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या पोलीस ठाण्यांत तपासाचं काम करणारे उपनिरीक्षक आणि सहायक निरीक्षक,
तसेच त्यांच्या कागदांवर शेवटची सही करणारे वरिष्ठ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पोलिसाची मुलगी. नायगावच्या पोलीस वसाहतीत वाढले. वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्याआधीची बरीच वर्षं त्यांनी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काढली. स्टेशन डायरीत नोंद करताना वेळ आधी, मग बाकीचं, अशी त्यांची सवय होती. घरीसुद्धा ‘सातच्या सुमारास’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. सात वाजून किती मिनिटांनी, ते विचारत. लहानपणी या सवयीचा आम्हां भावंडांना राग यायचा. तिची किंमत मला फार उशिरा कळली, आणि ज्या प्रसंगाने कळली तो सांगितल्याशिवाय पुढचं काही बोलण्याचा मला अधिकार नाही.

२००३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा पालिकेच्या एका वॉर्ड ऑफिसात लिपिक होते. पोलीस ठाण्याचं पत्र आलं, एका गुन्ह्यात दोन पंच, म्हणजे जप्ती होताना हजर राहून सही करणारे तटस्थ साक्षीदार, पाठवा. साहेबांनी मला आणि आमच्या खात्यातल्या एका शिपायाला पाठवलं. ऑफिसातून निघताना काउंटरची रोकड जुळवून, पावतीपुस्तक कपाटात ठेवून निघाले, तेव्हा पावणेपाच झाले होते. ठाण्यात पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते.

गुन्हा घरफोडीचा होता. एक वृद्ध जोडपं गावाला गेलेलं असताना घर फोडलं गेलं होतं. मंगळसूत्र, दोन पाटल्या आणि थोडी रोकड गेली होती. संशयित म्हणजे त्याच इमारतीत कपडे पोचवणारा, इस्त्रीवाल्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा. तो कोपऱ्यात खाली बसला होता. टेबलावर मंगळसूत्र होतं, शेजारी लाख, मेणबत्ती आणि लेबलं. आणि पंचनामा टाइप होऊन तयार होता.

मी तो वाचला. न वाचता सही केली असती तर निदान अज्ञानाची सबब तरी उरली असती. त्यात लिहिलं होतं की, आरोपीने आम्हां पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले, तो दाखवील त्या दिशेने आम्ही सरकारी वाहनाने निघालो, रेल्वे रुळांलगतच्या एका झोपडीपाशी त्याने वाहन थांबवण्यास सांगितले आणि पोटमाळ्यावरच्या पत्र्याखालून पिशवी काढून दिली. पंचनामा १६.२० वाजता सुरू झाला आणि १७.४५ वाजता संपला, अशी नोंद. चार वाजून वीस मिनिटांनी मी माझ्या काउंटरवर पावत्या फाडत होते. आणि १७.४५ अजून वाजायचे होते.

मी साहेबांकडे बघितलं. ते सहायक निरीक्षक होते, चाळिशीच्या आतले, डोळे तांबारलेले. आदल्या रात्रीपासून घरी गेलेले नव्हते. ते मला म्हणाले, ‘ताई, पोरगा पक्का आहे. सगळं कबूल केलंय त्याने. माल सोनाराकडे मिळाला, पण सोनार कोर्टात उभा राहणार नाही. आणि आजींना त्यांचं मंगळसूत्र परत द्यायचंय ना?’

मी सही केली. शिपायानेही केली. चहा आला, तो प्यालो. लाख वितळवून सील लागलं, लेबलांवर पुन्हा आमच्या सह्या झाल्या. त्या मुलाने एकदाही वर बघितलं नाही.

चार वर्षांनी अंधेरीच्या दंडाधिकारी न्यायालयातून समन्स आलं. सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांनी आधी विचारायचे प्रश्न, सुरळीत झाली, कारण कागदात होतं तेच मी म्हणत गेले. मग आरोपीचे वकील उठले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, गाडीत तुम्ही कुठल्या बाजूला बसला होता? वाटेत फाटक लागलं का? झोपडीचं दार कोणी उघडलं? पोटमाळ्यावर चढायला शिडी होती की स्टूल? मी शपथ घेतलेली होती. मला काही सुचेना. मग मी जे झालं होतं ते सांगितलं. सरकारी वकिलांनी लगेच मला फितूर घोषित करण्याची परवानगी मागितली. हवालदाराच्या मुलीच्या नावापुढे तो शब्द लागला आणि तो न्यायालयाच्या कागदात कायमचा आहे.

मुलगा सुटला. त्याआधी जामीनदार मिळाला नाही म्हणून तो चौदा महिने आत होता. आजी न्यायालयात आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरलेले नाही. त्यांच्या दृष्टीने मी चोर सोडवणारी बाई होते. संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘वाचून केली होतीस सही?’ मी हो म्हटलं. पुढे ते बोलले नाहीत.

आता मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ते सांगते. त्या मुलाने चोरी केली होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. त्या साहेबांना माहीत असेल असं वाटत होतं, पण माल खरोखर सोनाराकडे मिळाला का, मुलाने कबुली मारहाणीने दिली का, सोनाराने दुसऱ्याच कोणाचं नाव सांगितलं होतं का, यातलं काहीच कागदावर नव्हतं. खरं काय घडलं ते शोधायचा रस्ता आमच्या सह्यांनी बुजवला होता. मुलगा चोर असेल तर एक चोर आमच्यामुळे सुटला. नसेल तर चौदा महिने एक निरपराध मुलगा आत राहिला आणि खरा चोर कोणी शोधलाच नाही. दोन्हींपैकी काय झालं ते सांगू शकेल असा एकही खरा कागद त्या फायलीत उरला नाही.

ते साहेब लाचखाऊ नव्हते. त्यांचा त्या मुलावर डूख नव्हता. त्यांना मनापासून वाटत होतं की आरोपी हाच आहे आणि आपण फक्त कायद्याच्या अडचणीतून वाट काढतो आहोत. म्हणूनच मी वाईट अधिकाऱ्यांना लिहीत नाही. त्यांच्यासाठी लाचलुचपत विभाग आहे, न्यायालयं आहेत. मी लिहिते आहे ते चांगल्या अधिकाऱ्यांना. आपली खात्री झाली आहे, तेवढा पुरावा बसवून घेऊ, हा विचार चांगल्याच अधिकाऱ्याच्या मनात येतो.

माझं प्रकरण मंगळसूत्राचं होतं. याच शहरात याहून किती मोठ्या प्रकरणात काय झालं ते आपण सर्वांनी गेल्या काही वर्षांत पाहिलं आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. त्या दिवशी घरी न पोचलेली माणसं विरार लाइनवरच्या प्रत्येक वस्तीत होती. २०१५ मध्ये मोक्काच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यांच्यातला एक त्याआधीच, २०२१ मध्ये, कैदेत असताना वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही असं त्या न्यायालयाने सांगितलं, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवलं नाही. शेवटचा शब्द त्या न्यायालयाचा असेल आणि मी त्याच्या आधी काही ठरवू इच्छित नाही.

पण उच्च न्यायालयाने जी कारणं दिली ती तुम्ही प्रत्येकाने एकदा सावकाश वाचावीत अशी माझी विनंती आहे. आरोपींना ओळखणारे टॅक्सीचालक स्फोटांनंतर शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले. ओळख परेड अशा माणसाने घेतली की ज्याला ती घेण्याचा अधिकारच त्या वेळी नव्हता. जप्त केलेला माल प्रयोगशाळेपर्यंत नीट सीलबंद राहिला, हे सिद्ध झालं नाही. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, हेसुद्धा सरकार पक्ष ठामपणे मांडू शकला नाही. कबुलीजबाबांतले काही भाग एकमेकांवरून उतरवल्यासारखे जुळणारे निघाले आणि ते मारहाण करून घेतल्याच्या तक्रारीला वैद्यकीय कागदांचा आधार मिळाला.

यातली एकेक गोष्ट म्हणजे कोणीतरी, कुठल्यातरी संध्याकाळी, एका टेबलावर घेतलेला निर्णय आहे. परेड कोण घेणार, त्याचा आदेश अजून लागू आहे का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. सीलचा नमुना, मुद्देमाल रजिस्टरची नोंद, कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेची पोच, हे सगळं हवालदाराच्या हाताचं काम. त्या संध्याकाळी ते क्षुल्लक वाटतं. एकोणीस वर्षांनी त्या क्षुल्लक गोष्टी एकत्र आल्या आणि ज्यांनी माणूस गमावला त्या घरांना आजही विचारावं लागतं आहे, मग स्फोट केले कोणी? त्या प्रश्नाचं उत्तर आता कुठल्या फायलीत शोधायचं?

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच गिरगाव चौपाटीवरचं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली आणि स्वतःच्या अंगावर गोळ्या घेतल्या. त्यांच्यामुळे तो जिवंत हाती लागला. त्या रात्री त्याला तिथेच संपवला असता तर शहराने जाब विचारला नसता. पण त्याला न्यायालयापुढे उभं केलं गेलं, वकील दिला गेला. कबुली घेतली ती पोलिसांनी नव्हे, दंडाधिकाऱ्यांनी, विचार करायला वेळ देऊन. सीएसएमटीवरचे फोटो, सीसीटीव्ही, डोळ्यांनी बघणारी माणसं उभी राहिली. २०१० ची शिक्षा उच्च न्यायालयात टिकली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली.

त्याच खटल्याचा दुसरा भाग आपण फारसा सांगत नाही, आणि तपास करणाऱ्यांनी तोच लक्षात ठेवायला हवा. हल्लेखोरांना हाताने काढलेले नकाशे पुरवल्याच्या आरोपावरून दोन भारतीयांवरही खटला होता. ठार झालेल्या अतिरेक्याच्या खिशात नकाशा सापडला, असं सरकारचं म्हणणं. न्यायालयाने विचारलं, कपडे रक्ताने भिजलेले, मग खिशातल्या नकाशावर डाग कसा नाही? चुरगळलेला कसा नाही? दोघेही सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. एकच शहर, एकच खटला, एकच न्यायाधीश. जे खरोखर घडलं होतं ते तिन्ही न्यायालयांत टिकलं. ज्याच्यावर डाग पडायला हवा होता आणि पडला नव्हता, ते टिकलं नाही.

कबुलीबद्दल थोडं बोलते, कारण अजूनही ठाण्यांत ‘कबूल केलं’ म्हणजे काम संपलं असं मानलं जातं. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हा नियम पोलिसांवर अविश्वास दाखवायला आजकालच्या मानवाधिकारवाल्यांनी आणलेला नाही. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी खुद्द कंपनी सरकारला करावी लागली होती. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात ही बंदी आली, १८७२ च्या पुरावा कायद्यात पक्की झाली आणि आजच्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम २३ मध्ये आहे. राज्यकर्ते परके होते, त्यांना आपल्या लोकांचा कळवळा नव्हता. तरीही त्यांना कळलं की मारून घेतलेली कबुली सत्य सांगत नाही, मारणाऱ्याला जे ऐकायचं आहे ते सांगते. आपल्या महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्का आणून वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली चालेल असा अपवाद केला. त्या अपवादावर उभ्या राहिलेल्या रेल्वे स्फोटांच्या खटल्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

२०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत लहान मुलाचा खून झाला. काही तासांत शाळेच्या बसचा वाहक पकडला गेला, त्याने कबुलीही दिली, वाहिन्यांवर ती दिवसभर दिसली. पुढे सीबीआयने तपास हाती घेतला तेव्हा वाहकाविरुद्ध काही मिळालं नाही, संशय शाळेतल्याच एका मोठ्या विद्यार्थ्यावर गेला आणि वाहकाची सुटका झाली. काही तासांत आरोपी मिळाल्याबद्दल ज्यांची पाठ थोपटली गेली असेल त्यांनी त्या तासांत दुसऱ्या कोणाकडे बघितलंच नाही. एकदा एका माणसावर बोट ठेवलं की बाकीच्या वाटा डोळ्यांसमोरून नाहीशा होतात. हे कोणाचंही होतं. माझ्या ऑफिसात रोकड कमी भरली की आम्हीसुद्धा आधी ज्याच्यावर राग त्याच्याकडे बघायचो.

आणि ख्वाजा युनूस. परभणीचा हा अभियंता २००२ च्या घाटकोपर स्फोटात संशयित म्हणून पकडला गेला. नेताना पळून गेला असं सांगितलं गेलं. सीआयडीच्या तपासात निघालं की तो कोठडीतच मेला. त्याच्याबरोबरचे आरोपी पुढे निर्दोष सुटले. त्याची आई वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिली. यावर मी अधिक लिहीत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला आई आहे.

तुमच्यावरचा ताण मला ठाऊक नाही असं समजू नका. माझ्या घरात तो रोज संध्याकाळी जेवायला बसायचा, आणि पुष्कळदा यायचाच नाही. गणपतीत वडील दहा-दहा दिवस फक्त अंघोळीला घरी येत. आज एकेका तपास अधिकाऱ्याकडे डझनावारी फायली असतात, मध्येच मोर्चा, व्हीआयपी, निवडणूक, बंदोबस्त, आणि तरीही क्राइम मीटिंगला सीनियर साहेब विचारतात, डिटेक्शन किती? तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी सांगितलं. निकालाला इतकी वर्षं झाली, तरी अजूनही तपास अधिकारीच बंदोबस्ताला उभा असतो. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण ती कल्पना दलातल्याच एका साध्या अंमलदाराने मांडली होती. झोपलेला माणूस बरा निर्णय घेतो. हे शासनाने ऐकायला हवं, आणि ते ऐकत नाही तोवर आमच्यासारख्या नागरिकांनी ओरडायला हवं. तुमच्या बाजूने मी ते करीन.

पण ताण कितीही असला तरी काही निर्णय फक्त तुमच्या हातात असतात. अटक करायचीच का, हा पहिला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्या, अटक लागत असेल तर का लागते ते लिहा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने २०१४ मध्ये सांगितलं. आता ते फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. वरळीच्या हिट अँड रनमधून उभ्या राहिलेल्या अपिलात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. अटकेची कारणं आरोपीला कळणाऱ्या भाषेत, लेखी द्या. हा छापील फॉर्म भरण्याचा उद्योग समजू नका. त्या मुलाला त्या दिवशी कोणी मराठीत किंवा हिंदीत लिहून दिलं असतं की तुला अमुक कारणाने पकडलं आहे, तर ते कारण लिहिताना साहेबांनाही एकदा थांबावं लागलं असतं.

दुसरा निर्णय केस डायरीचा, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीचा. तिच्यात पुष्कळदा आरोपीच्या विरुद्धचं तेवढंच येतं. ज्या दिवशी एखादा साक्षीदार म्हणाला की तो मुलगा त्या रात्री गावाला होता, तो दिवसही डायरीत यायला हवा. डायरी पान क्रमांक घातलेली, बांधलेली हवी, असं कायदा म्हणतो तो पानं बदलली जाऊ नयेत म्हणून. तुमच्या मनात शंका आली तर ती तारखेसह लिहून ठेवा. उद्या खटला उभा राहिला तर ती शंका तुम्ही कशी फेडली हेच तुमच्या तपासाचं बळ ठरेल. आणि पुरावा नसेल तर त्याच संहितेच्या कलम १८९ खाली माणसाला सोडून द्यायची तरतूद आहे. ती वापरणं म्हणजे हार नव्हे.

तिसरा निर्णय माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे, कारण त्याला टाळ्या मिळत नाहीत. मुंबईच्या पोलीस भाषेत ‘ए समरी’ म्हणतात तो अहवाल: गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. तो पाठवायची किती लाज वाटते ते मी वसाहतीत वाढताना ऐकलं आहे. ए समरी म्हणजे नालायकपणा, असं मानलं जातं. वरिष्ठांना मी हात जोडून विचारते, ज्या अधिकाऱ्याने खरोखर शोध घेतला, फिर्यादीला वेळोवेळी कळवलं आणि शेवटी प्रामाणिकपणे ‘मिळाला नाही’ असं लिहिलं, त्याला क्राइम मीटिंगमध्ये उभं करून बोलणी का बसावीत? त्या आजींच्या घरफोडीत ए समरी गेली असती तर फाइल खरी राहिली असती. पुढेमागे दुसऱ्या चोरीत तोच सोनार सापडला असता तर पुन्हा उघडता आली असती. आम्ही जी फाइल बंद केली ती उघडण्यासारखी उरलीच नव्हती. मीटिंगमध्ये ‘किती उघडकीस आणले’ बरोबर ‘हा नसेल तर कोण, ते तपासलं का?’ हा एक प्रश्न विचारायला सुरुवात करा. पत्रकार परिषदेत बुरखा घातलेल्या आरोपींमागे उभं राहण्याआधी तर नक्कीच विचारा.

मला माहीत आहे, आता काळ बदलला म्हणून सांगाल. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केलं आहे, ई-साक्ष्य ॲपवर पंचांचे चेहरे, जागा, वेळ सगळं नोंदलं जातं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक घटनास्थळी यायला हवं, असंही संहिता सांगते. हे ऐकून मला बरं वाटलं. २००३ मध्ये हे असतं तर माझी सही झाली नसती, किंवा झाली असती तर त्याच रात्री उघडी पडली असती. पण मोबाइल कधी चालू करायचा हे अजूनही तुमच्याच बोटावर आहे. आधी मुलाला त्या झोपडीपर्यंत नेऊन, पिशवी कुठून काढायची ते दाखवून, मग परत आणून ‘आता चालू कर’ म्हटलं, तर चित्रीकरण अगदी स्वच्छ निघेल. खिशातल्या त्या नकाशासारखं स्वच्छ. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांत आवाज टिपणारे कॅमेरे लावायला आणि त्यांचं चित्रण शक्यतो अठरा महिने जपायला सांगितलं, त्यांचंही तेच. ज्या रात्रीचं चित्रण मागितलं जातं त्याच रात्री कॅमेरा बिघडलेला असला, तर कॅमेरा असून काय?

त्या साहेबांची पुढे बदली झाली, एवढंच कळलं. मी त्यांच्याविषयी कधी तक्रार केली नाही. तेव्हा करायला हवी होती, हे आज कबूल करते. न्यायालयात खरं बोलल्याबद्दल मला कोणी त्रास दिला नाही, हेही सांगितलं पाहिजे. एका तरुण शिपायाने तर जिन्यात गाठून हळूच सांगितलं होतं, ‘ताई, बरं केलंत.’ तो आज कदाचित तुमच्यातलाच कोणीतरी अधिकारी असेल. हे पत्र वाचत असेल तर त्याला माझा विशेष नमस्कार.

एक शेवटची गोष्ट. निवृत्त झाले तरी मी अजून याच शहरात राहते, पाय चालतात, डोळे बरे आहेत. आमच्या भागातल्या ठाण्याला पंच हवा असेल तेव्हा मला बोलवा. रात्री बोलावलंत तरी येईन. मी तुमच्याबरोबर आरोपी दाखवील तिथपर्यंत चालत येईन, शिडी आहे की स्टूल ते बघेन, पिशवी कोणाच्या हातात आधी होती ते बघेन. पंचनामा माझ्यासमोर, त्याच जागी लिहा. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ मात्र मी माझ्या हाताने, घड्याळ बघून घालीन. तेवढी दोन ठिकाणं कोरी सोडून ठेवा.

आपली,
नायगाव पोलीस वसाहतीतली एक मुलगी,
पालिकेची निवृत्त लिपिक, आणि २००३ सालच्या त्या पंचनाम्यातली पंच क्रमांक एक